कच्च्या विटेची साक्ष : कॅलिफोर्नियांतील तारकंटकाचें आगमन, ओळख व निर्दळण

१. उपक्रम

ऐतिहासिक साधनांची गणना करितांना आपण कागदपत्र, शिलालेख, ताम्रपट, नाणीं, वास्तु व परंपरागत कथा एवढ्यांचा उल्लेख करून बहुधा थांबतों. यांपैकीं वास्तूचा उपयोग आपण करितों तो तिच्या आकारासाठीं, शैलीसाठीं किंवा तिजवरील लेखासाठीं. भिंतीच्या पोटांत जी माती व जें काड आहे तेंहि वाचावयाचें असतें, ही गोष्ट आपणांपैकीं फारच थोड्यांच्या मनांत येते. अशा एका वाचनाचा वृत्तांत प्रस्तुत लेखांत देण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय परदेशांतला आहे, आणि तोहि एका काटेरी तणाचा आहे. तेव्हां इतिहास-संशोधकांच्या त्रैमासिकांत त्यास स्थान कां द्यावें, अशी शंका वाचकांस येणें स्वाभाविक आहे. तिचें उत्तर असें कीं, ही पद्धति विद्वानांपुढें मांडणारा लेख कोणत्याहि कृषिविषयक मासिकांत आला नाहीं. तो कॅलिफोर्नियाच्या ऐतिहासिक संस्थेच्या त्रैमासिकांतच १९२५ सालीं छापला गेला. त्याचे लेखक जी. डब्ल्यू. हेंड्री व एम. पी. केली हे होत. हेंड्री हे कॅलिफोर्निया विद्यापीठांत शेतकीच्या पिकांचा अभ्यास करीत असत. पुढें १९३१ सालीं त्यांनीं कच्ची वीट हें इतिहासाचें साधन कसें होऊं शकतें, यावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला.

या वाचनावर केवळ जिज्ञासेचें समाधान अवलंबून नव्हतें. ज्या तणाची हकीकत पुढें येत आहे, त्यानें २००२ सालच्या अदमासाप्रमाणें एकट्या कॅलिफोर्नियांत १ कोटि ४३ लक्ष एकर भूमि व्यापिली होती. तें कोठून आलें, केव्हां आलें व कोणाच्या हातून आलें, हें ठरल्याशिवाय त्याचा नैसर्गिक शत्रु कोठें शोधावा आणि त्याची वाट कोठें अडवावी, हें ठरत नाहीं. ज्याचीं गुरें त्या कुरणावर जगतात, त्याच्या दृष्टीनें येथील कालनिर्णय हा पोटापाण्याचाच प्रश्न आहे.

२. वनस्पतीची ओळख

या तणास शास्त्रीय परिभाषेंत सेंटॉरिया सॉल्स्टिशिअ‍ॅलिस म्हणतात. हें नांव लिनीअस यानें १७५३ सालीं दिलें. दक्षिणायनाच्या आरंभाच्या सुमारास फुलणारें, असा त्यांतील दुसऱ्या पदाचा अर्थ. इंग्रजींत त्यास यलो स्टार थिसल असें नांव आहे. संत बार्नाबस यांचा सण जूनच्या ११ तारखेस येतो, म्हणून त्या संताचें नांवहि इंग्रजांनीं त्यास जोडलें आहे. मराठींत त्यास रूढ नांव नाहीं. फुलाखालीं काटे चांदणीप्रमाणें पसरलेले असतात, यास्तव प्रस्तुत लेखापुरतें आम्ही त्यास ‘तारकंटक’ म्हणूं.

आपल्या माळावरील उंटकटारा ज्यांनीं पाहिला आहे व करडईच्या शेतांतून जे चालले आहेत, त्यांस तारकंटकाचें रूप समजण्यास अडचण पडणार नाहीं. हीं तिन्ही एकाच कुळांतील असून, बोंडाच्या ठेवणींत तारकंटकाचें करडईशीं बरेंच साम्य आहे. भेद मात्र ध्यानांत ठेवण्यासारखे आहेत. करडईच्या पानांच्या कडांस काटे असतात; तारकंटकाचीं पानें बिनकाट्याचीं असतात. त्याचा सारा काटा बोंडाखालच्या खवल्यांस असतो. हे मुख्य काटे गवती पिवळ्या रंगाचे व सुमारें पाऊण इंचापर्यंत लांब असतात. पानांवर व खोडावर करड्या कापसासारखी लव असते, आणि पानांच्या बुडाची पट्टी खोडावरून खालीं उतरत गेल्यामुळें खोडास पंख फुटल्यासारखे दिसतात. फूल गर्द पिवळें असतें.

वनस्पति एकवर्षायु आहे. त्या देशांत पाऊस हिंवाळ्यांत पडतो. शरदांतील पहिल्या पावसाबरोबर बीज उगवतें. हिंवाळाभर पानांचा चक्राकार पसारा जमिनीसरसा राहतो, आणि तेवढ्या अवधींत सोटमूळ खोल जातें. वसंताच्या शेवटीं खोड वर येतें व मेअखेरपासून पुढें शरदापर्यंत फुलें येत राहतात. भोंवतालचें गवत वाळून गेलें असतां हें एकटें हिरवें दिसतें, कारण त्याचें मूळ तीन हातांहून खोल ओलाव्यापर्यंत पोंचलेलें असतें.

बीजें दोन प्रकारचीं असतात. बोंडाच्या मध्यभागींच्या बीजांच्या डोक्यावर पांढऱ्या ताठ केसांचा झुपका असतो. कडेच्या बीजांस तो नसतो व त्यांचा रंग काळसर असतो. हा सूक्ष्म भेद आमच्या विषयास फार उपयोगी आहे. कारण तारकंटकाचा एक जवळचा भाऊबंद त्याच प्रांतांत त्याच्याही आधीं आला आहे. त्यास तिकडे तोकालोते म्हणतात; शास्त्रीय नांव सेंटॉरिया मेलिटेन्सिस. त्याचीं फुलें पिवळींच, परंतु बोंडें लहान, काटे आंखूड व बहुधा जांभळट झांकीचे असतात. तो तारकंटकाच्या आधीं फुलतो, आणि त्याचीं सारीं बीजें एकाच प्रकारचीं, झुपकेदार असतात. ज्या जुन्या टांचणांत केवळ ‘पिवळा काटा’ एवढेंच लिहिलें असेल, तें या दोहोंपैकीं कोणास लागूं करावें, हें त्यावरून ठरवितां येत नाहीं. बीज हातीं असेल तर मात्र ठरवितां येतें. एकाच नांवाच्या दोन व्यक्तींचा घोटाळा आपण पत्रांतील शिक्क्यावरून सोडवितों, त्यांतलाच हा प्रकार आहे.

३. विटांचें वाचन

स्पॅनिश लोकांनीं वरच्या कॅलिफोर्नियांत १७६९ पासून १८२३ पर्यंत एकवीस ख्रिस्ती मठ स्थापिले. त्यांस तिकडे मिशन म्हणतात. पहिलें सान दिएगो येथील व शेवटचें सोनोमा येथील. या मठांच्या, त्यांच्या कोठारांच्या व पुढील मेक्सिकन अंमलांतील जमीनदारांच्या वाड्यांच्या भिंती बहुतेक उन्हांत वाळविलेल्या कच्च्या विटांच्या होत. अशा विटेस स्पॅनिश भाषेंत आदोबे म्हणतात. हा शब्द अरबींतून आलेला असून त्याचें मूळ प्राचीन मिसरी भाषेंत आहे. म्हणजे वस्तु व शब्द दोन्ही भूमध्यसमुद्राच्या कांठानें फिरत फिरत अमेरिकेस पोंचलीं.

वीट करितांना चिकण मातींत काड, भूस व कधीं शेण कालवीत. काड जवळच्या खळ्यावरचें असे. त्यांत धान्याचे चुकार दाणे असत, आणि धान्याबरोबर वाढलेल्या तणांचीं बीजेंहि असत. वीट वाळली म्हणजे तीं सर्व त्यांत कोंडलीं जात. त्या प्रदेशाची हवा उन्हाळ्यांत कोरडी असल्यामुळें तीं शंभर-सव्वाशें वर्षें ओळखूं येतील अशा स्थितींत राहिलीं. हेंड्री यांनीं जुन्या इमारतींतील विटा मिळवून त्या पाण्यांत विरघळविल्या, गाळ धुऊन काढला, व जें काड-बीज मागें राहिलें तें निवडून आजच्या नमुन्यांशीं ताडून पाहिलें. इमारतीचें वर्ष मठाच्या दप्तरावरून ज्ञात होतेंच; तें वर्ष त्यांनीं बीजास लावलें.

या उद्योगाचें फळ मोठें आलें. तोकालोतेचें बीज सान फर्नांदो येथील १७९७ सालच्या विटेंत निघालें. कांहीं परकी तणें अगदीं जुन्या विटांतच सांपडल्यामुळें, तीं मठांच्याही आधीं, १७६९ पूर्वीं, तेथें पोंचलीं असावींत असें अनुमान निघालें. अशीं तीन तणें मानलीं जातात. त्यांपैकीं एक एरोडियम सिक्युटेरियम हें होय. हें अनुमान त्या वेळीं अनेकांस धाडसाचें वाटण्यासारखें होतें. परंतु १९९८ सालीं मेन्सिंग व बर्न या संशोधकांनीं सांता बार्बारापुढील समुद्राच्या तळचे वार्षिक थर तपासून याच एरोडियमचा पराग १७६९ च्या आधींच्या थरांत असल्याचें प्रसिद्ध केलें. भिंतीची साक्ष समुद्राच्या गाळानें खरी केली. दोन साधनें परस्परांपासून इतकीं स्वतंत्र असतां एकच गोष्ट सांगतात, तेव्हां ती मान्य करण्यास संशोधकानें कचरूं नये.

पुढें १९७० सालीं फ्रेंकेल यांनीं आपल्या ग्रंथांत या व इतर पुराव्यांवरून एकंदर हिशेब मांडला. स्पॅनिश अमदानींत, म्हणजे १७६९ ते १८२४ पर्यंत, सोळा परकी वनस्पति स्थिरावल्या. १८२५ ते १८४८ या मेक्सिकन अमदानींत आणखी त्रेसष्ट. आणि १८४९ ते १८६० या अमेरिकन वसाहतीच्या पहिल्या बारा वर्षांत आणखी पंचावन्न. राज्य बदललें म्हणजे दप्तराची भाषा बदलते हें आपणांस ठाऊक आहे. रानांतील गवतहि बदलतें, हें या आंकड्यांवरून दिसतें.

आतां तारकंटकाची गोष्ट. त्याचें बीज मठांच्या भरभराटीच्या काळांतील विटांत मिळत नाहीं. १८२४ नंतरच्या विटांत त्याची नोंद आहे. यावरून त्याचें आगमन १८२४ नंतरचें, असा निर्णय अनेक लेखकांनीं दिला. हा निर्णय स्वीकारण्यापूर्वीं विटेची परीक्षा दस्तऐवजाप्रमाणें केली पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

पहिला प्रश्न असा कीं, वीट अस्सल बांधकामांतील आहे किंवा डागडुजीची आहे ? कच्ची भिंत पावसानें झडते व वरचेवर दुरुस्त करावी लागते. मूळ इमारतीचें वर्ष दुरुस्तीच्या विटेस लावणें म्हणजे मूळ पोथीचा शक नकलेस लावणें होय. दुसरा प्रश्न प्रक्षेपाचा. उंदीर, मुंग्या व वारा हीं भिंतीच्या भेगांत नवीं बीजें नेऊन टाकतात. म्हणून विटेचा गाभाच तेवढा प्रमाण मानावा. तिसरा प्रश्न ओळखीचा. तारकंटक व तोकालोते यांच्या बीजांतील भेद वर सांगितलाच आहे. चौथा प्रश्न मौनाचा आहे व तो सर्वांत नाजूक आहे. विटेंतलें काड खळ्यावरचें. गहूं व जव यांची मळणी उन्हाळ्याच्या आरंभीं होते, आणि तारकंटकाचें बीज त्यानंतर पिकूं लागतें. म्हणून जुन्या विटांत तें नाहीं, एवढ्यावरून तें त्या प्रांतांतच नव्हतें असें निश्चयानें म्हणतां येणार नाहीं. विटेंत सांपडलें हा पुरावा आहे. विटेंत सांपडलें नाहीं हा केवळ संशय आहे.

४. शुष्क संग्रहाची व व्यापाराची साक्ष

दुसरें साधन शुष्क वनस्पतींच्या संग्रहाचें. कागदावर चिकटविलेली वाळलेली फांदी, खालीं स्थळ, तारीख व गोळा करणाराचें नांव, अशा या बंदांची योग्यता अस्सल पत्रापेक्षां कमी नाहीं. कॅलिफोर्नियांतील तारकंटकाचा सर्वांत जुना ज्ञात बंद १८६९ सालचा, ओकलंड येथील आहे. म्हणजे वीट १८२४ नंतर म्हणते, बंद १८६९ म्हणतो. मध्यें पंचेचाळीस वर्षें मोकळीं राहतात.

या मोकळ्या जागेंत १८४८ सालचा सोन्याचा शोध व १८४९ ची धांवाधांव येते. खाणीवर हजारों माणसें व जनावरें जमलीं. त्यांच्या वैरणीसाठीं लसूणघास लावण्यांत येऊं लागला, आणि त्याचें बियाणें समुद्रमार्गें चिली देशांतून येऊं लागलें. चिलींत तारकंटक स्पॅनिश लोकांबरोबर पूर्वींच पोंचला होता. लसूणघासाच्या बियाण्यांतून तो कॅलिफोर्नियांत आला, हें मत पुढें बळावलें. १९९७ सालीं गर्लाक यांनीं दाखविलें कीं, १८९९ पूर्वीं चिलींतून, आणि १९०३ नंतर स्पेन, फ्रान्स, इटली व तुर्कस्तान, म्हणजे मध्य आशियांतील तुर्कांचा मुलूख, येथून येणाऱ्या लसूणघासाच्या बियाण्यांत हें तण मिसळलेलें होतें. अलीकडील आनुवंशिक परीक्षणांवरूनहि कॅलिफोर्नियांतील तारकंटकाचें मूळ भूमध्यसमुद्राच्या पश्चिम अंगास, स्पेनकडे असून मार्ग दक्षिण अमेरिकेंतून आल्याचें दिसतें.

येथें वीट व व्यापार यांचा विरोध आहे, असें वरवर पाहणारास वाटेल. आमच्या मतें विरोध नाहीं. एखाद्या बीजाचें देशांत पडणें ही एक घटना, व त्या वनस्पतीचें देशांत पसरणें ही दुसरी. पहिली घटना १८२४ नंतर लौकरच केव्हां तरी घडली असावी. तिची साक्ष वीट देते. दुसरी घटना एकदां घडलेली नसून बियाण्याच्या प्रत्येक पोत्याबरोबर पुनःपुन्हां घडली; तिची साक्ष व्यापार देतो. एखाद्या घराण्याचा मूळ पुरुष प्रांतांत आला तें वर्ष, आणि त्यास वतन मिळालें तें वर्ष, हीं भिन्न असतात. दोहोंपैकीं एक खरें ठरलें म्हणून दुसरें खोटें ठरत नाहीं.

५. विस्तार व हानि

बीज पडलें तरी भूमि तयार असल्याशिवाय तें रुजत नाहीं. ती भूमि कशी तयार झाली, याचाहि इतिहास आहे. मठांच्या व जमीनदारांच्या अफाट कळपांनीं मूळचीं बहुवर्षायु गवतें दुर्बळ केलीं, व त्यांच्या जागीं भूमध्यसमुद्राकडचीं एकवर्षायु गवतें आलीं. १८६१–६२ च्या महापुरामागून अवर्षण येऊन १८६४ पर्यंत असंख्य गुरें मेलीं, आणि कुरणें उघडीं पडलीं. एकवर्षायु गवत उन्हाळ्याच्या तोंडीं वाळतें व खोल जमिनींतला ओलावा तसाच राहतो. तो ओलावा पिणारें खोल मुळाचें तण येतांच त्यास अडविणारें कोणी उरलें नव्हतें.

१९१७ च्या सुमारास साक्रामेंटोच्या खोऱ्यांत तारकंटक मोठा उपद्रव मानला जाऊं लागला. तो रस्ते, पाऊलवाटा, कालवे व आगगाडीचे रूळ यांच्या कडांनीं पुढें सरकत होता. १९१९ सालीं प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ विलिस जेप्सन यांनीं वाकाव्हिल गांवाजवळ तो पाहिला, व कांहीं वर्षांपूर्वींच्या मानानें तो हजारपट झाल्याचें नमूद केलें. १९५८ सालीं १२ लक्ष एकर, १९८५ सालीं ७९ लक्ष एकर, आणि २००२ सालीं १ कोटि ४३ लक्ष एकर, असे अदमास प्रसिद्ध आहेत. अदमास म्हटले तरी त्यांची दिशा स्पष्ट आहे.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावयास पाहिजे. तारकंटकाचीं बहुतेक बीजें जननीपासून दोन-तीन फुटांच्या आंतच पडतात. केसांचा झुपका असला तरी वारा त्यांस दूर नेत नाहीं. डोंगर ओलांडून जो प्रवास झाला तो वैरणीच्या गंज्यांतून, मेंढ्यांच्या लोंकरींतून, गाड्यांच्या चाकांस लागलेल्या चिखलांतून व रस्त्यावर टाकलेल्या खडींतून. म्हणजे या तणाचा नकाशा हा मनुष्याच्या येण्याजाण्याचाच नकाशा होय.

हानि दोन प्रकारची. काटे आल्यावर गुरें त्या भागांत चरत नाहींत व कुरण फुकट जातें. घोड्याची गोष्ट याहून वाईट आहे. हें तण दीर्घ काळ खाल्ल्यास घोड्याच्या मेंदूचा एक भाग नासतो. तोंड व ओंठ त्याच्या स्वाधीन राहत नाहींत. पुढें अन्न-पाणी असून त्यास तें गिळतां येत नाहीं, व तो उपासानें मरतो. या रोगाचें शास्त्रीय वर्णन कॉर्डी यांनीं १९५४ सालीं केलें. त्यावर उपाय नाहीं. गाय-बैल व शेळ्यामेंढ्या यांस हा रोग होत नाहीं.

मात्र सर्वांसच हें तण नकोसें होतें असें नाहीं. उन्हाळ्यांत दुसरीं फुलें नसतां हें फुलतें, म्हणून मधमाशा पाळणारे लोक त्याच्या मधास फार मान देतात, आणि त्याचा समूळ नाश करण्याच्या प्रयत्नांकडे त्यांनीं शंकेनें पाहिलें. ज्या मधमाशा युरोपियन वसाहतवाल्यांनीं अमेरिकेस नेल्या, त्यांच्याच जातीच्या माशांनीं या युरोपियन तणाचें परागसंक्रमण करून त्याची वाढ केली, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

६. निर्दळणाचे उपाय

उपायांचा इतिहास पाहतां एकच सूत्र दिसतें : ज्यास वनस्पतीची अवस्था ओळखतां आली त्यासच उपाय लागू पडला. एक मोठें झाड पाऊण लक्षापर्यंत बीजें देऊं शकतें. म्हणून सारा खटाटोप बीज धरूं न देण्याचा आहे.

थोडीं झाडें असतील तर तीं हातानें उपटावीं. प्रथम कडेचीं विरळ झाडें काढून मग दाट भागाकडे सरकावें, म्हणजे चांगल्या गवतास पाय पसरण्यास अवसर मिळतो. कापणी करावयाची ती शेंकडा दोन ते पांच बोंडें फुललीं असतां करावी. त्याआधीं कापल्यास झाड खालून पुन्हां फुटतें व भोंवतालचें गवत मात्र मरतें. उशीर केल्यास पिकलेलें बीज आपणच पेरल्यासारखें होतें. ज्या झाडास खालींच फांद्या आहेत त्यावर कापणीचा उपयोग होत नाहीं. गुरांकडून चारून घ्यावयाचें तर खोड वर आल्यावर व काटे येण्यापूर्वीं, म्हणजे मे-जूनमध्यें. शेळ्या मात्र काटे आल्यावरहि तें खातात. तणनाशकांपैकीं क्लोपिरॅलिड हें १९९८ पासून कॅलिफोर्नियाच्या कुरणांत वापरण्यास मोकळीक मिळाली. तें हिंवाळ्याच्या अखेरीस, झाड जमिनीसरसें असतां मारावयाचें असतें.

परदेशांतून कीटक आणण्याचा उद्योग १९६९ पासून झाला. पहिला कीटक टिकला नाहीं. १९८४ ते १९९२ पर्यंत बोंडांत अंडीं घालणारे कांहीं सोंडे व माशा मुख्यतः ग्रीस देशांतून आणून सोडल्या. २००३ सालीं तांबेरा जातीचा एक रोगहि सोडण्यांत आला. सोडण्यापूर्वीं ज्या पिकांवर त्यांची परीक्षा झाली, त्यांत आपल्या परिचयाची करडई होती, कारण ती तारकंटकाची आप्त. या कीटकांनीं बीज कमी झालें. परंतु त्यांच्या एकट्याच्या बळानें तण आटोक्यांत आलें नाहीं. आनुवंशिक परीक्षणें स्पेनकडे बोट दाखवीत असतां कीटक ग्रीसमधून आले, यावरून मूलस्थानाचा प्रश्न किती व्यावहारिक आहे, हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

सर्वांत बोधप्रद प्रयोग सोनोमा परगण्यांतील शुगरलोफ रिज या सरकारी उद्यानांतला. तेथें १९९३, १९९४ व १९९५ अशीं लागोपाठ तीन वर्षें, इतर गवतांचें बीज गळल्यावर व तारकंटक फुलूं लागतांच, रान पेटविण्यांत आलें. जमिनींतील तारकंटकाचें बीज शेंकडा ९९ नीं घटलें. सर्वांस वाटलें कीं शत्रु संपला. जाळणें थांबविण्यांत आलें, आणि अवघ्या चार वर्षांत तण पुन्हां पूर्वपदावर येऊं लागलें. उरलेलें शेंकडा एक बीज व बाहेरून येणारें बीज एवढ्यावर त्याचें काम झालें. म्हणून आतां तज्ज्ञ एकाच उपायावर भिस्त ठेवीत नाहींत; दोन-तीन वर्षें निरनिराळे उपाय जोडून करावे, त्यापाठोपाठ बहुवर्षायु गवत लावावें, आणि नंतरहि दरवर्षीं रान फिरून पाहावें, असें सांगतात. कोणत्या वर्षीं कोणत्या कोपऱ्यांत काय केलें याची टिपणवही नसेल, तर तीन वर्षांची मेहनत चौथ्या वर्षीं विस्मरणांत जाते.

७. आपल्याकडील उपयोग

या सर्व हकीकतीचा आपणांस काय उपयोग, हें सांगून लेख पुरा करितों.

आपल्याकडे पिवळा धोतरा सर्वत्र उगवतो व त्यास अनेक वैद्य ‘स्वर्णक्षीरी’ म्हणतात. ही वनस्पति मूळची अमेरिकेंतील. पोर्तुगीज येण्यापूर्वीं ती येथें असण्याचा संभव नाहीं. तेव्हां प्राचीन वैद्यकग्रंथांतील स्वर्णक्षीरी ती ही नव्हे. उलट पक्षीं, एखाद्या निघंटूच्या पोथींत किंवा टीकेंत पिवळ्या धोतऱ्याचें निःसंशय वर्णन आलें, तर तेवढा भाग सोळाव्या शतकानंतरचा मानण्यास आधार मिळतो. पोथीचा काळ ठरविण्यास तण असें साह्य करितें.

गाजरगवताची गोष्ट याच जातीची. तें १९५५ सालीं पुण्यास दिसलें व १९५६ सालीं त्याची नोंद प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून परदेशी धान्याबरोबर तें आलें असा लोकांचा दृढ समज झाला. परंतु पुढें डेहराडून येथील वनसंशोधनसंस्थेच्या संग्रहांत ब्रँडिस यांनीं १८८० सालीं गोळा केलेला त्याचा नमुना आढळला. येथेंहि पडणें निराळें व पसरणें निराळें. ज्यानें तो बंद जपून ठेविला, त्यानें पाऊणशें वर्षांचा इतिहास राखिला.

आतां विटांविषयीं. आपल्या देशावरील गढ्या, वाडे व गांवकुसें यांत पांढरीच्या मातीच्या व कच्च्या विटांच्या भिंती पुष्कळ आहेत. अनेकांच्या बांधणीचा काळ वतनपत्रांवरून, हिशेबाच्या कागदांवरून किंवा द्वारावरील लेखावरून सांगतां येतो. त्या मातींत काड आहे, आणि काडांत ज्वारी, गहूं, करडई, जवस यांचे दाणे व तत्कालीन तणांचीं बीजें असलींच पाहिजेत. मका व मिरची यांसारखीं परदेशीं पिकें कोणत्या दशकांत कोणत्या परगण्यांत पोंचलीं, याचें जें उत्तर कागदपत्र कधींमधीं देतात, तें या भिंती गांवोगांव देऊं शकतील. आमच्या पावसाची ओल कॅलिफोर्नियाहून अधिक आहे, म्हणून सर्वच बीजें टिकलीं असतील असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु जाड भिंतीच्या कोरड्या गाभ्यांत शोध करून पाहिल्याशिवाय निराश होण्याचें कारण नाहीं.

अडचण एवढीच कीं, या भिंती प्रत्येक पावसाळ्यांत कोसळत आहेत, आणि त्यांची माती शेतांत पसरली जात आहे. दप्तराचा रुमाल कसरीनें खाल्ला तर निदान त्याची हळहळ करणारा कोणी असतो; भिंत विरघळली तर कोणी विचारीत नाहीं. म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी : जेथें काळ ठाऊक असलेली मातीची भिंत पडेल, तेथील गाभ्यांतल्या दोन-चार विटा किंवा ढेपा उचलून कोरड्या जागीं ठेवाव्या. त्यांस चिठ्ठी लावून तीवर गांव, इमारत, भिंतीची बाजू, जमिनीपासून उंची, मूळ काम कीं डागडुजी, व मिळाल्याची तारीख हीं लिहावीं. शक्य असल्यास भिंत कोणत्या कागदाच्या आधारें कोणत्या वर्षींची ठरते, तेंहि नमूद करावें. ढेप विरघळविण्याची घाई करूं नये. बीज ओळखणारा मनुष्य जवळ असल्याशिवाय फोडलेली वीट ही वाचतां न येणाऱ्यानें सोडलेल्या पोथीसारखी होय, तिचीं पानें विस्कटतात मात्र.

हेंड्री यांनीं ज्या विटा पाण्यांत घातल्या, त्यांपैकीं बऱ्याच पडझड झालेल्या भिंतींच्या होत्या असें मानण्यास हरकत नाहीं; त्या वेळीं कोणी त्या उचलल्या नसत्या, तर एका राज्याच्या कुरणांचा इतिहास केवळ तर्कावर राहिला असता. आपल्या गढ्यांच्या पोटांत काय आहे हें आज कोणासच माहीत नाहीं. तें माहीत होण्याचा मार्ग अजून मोकळा आहे, परंतु तो प्रत्येक मृगाबरोबर थोडा थोडा बंद होत आहे, एवढें विद्वानांच्या नजरेस आणून आम्ही लेखणी आंवरितों.